रोषणाईचा डबा की कामाचा संगणक?



गेल्या महिन्यात आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकी एक पत्र आम्ही बाजूला काढून ठेवले होते. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका भगिनीचे ते पत्र. त्यांची मुलगी बारावीनंतर घरीच आहे. पदवीचा अभ्यास बाहेरून चालू आहे. दोन वर्षांपासून ती मोबाईलवर व्हिडिओची कापाकापी आणि जोडणी करते. आधी शाळेचे स्नेहसंमेलन, मग मामाच्या मुलाचा वलिमा, मग शेजारच्या शिकवणीचे धडे असे करत करत आता लोक पैसे देऊन काम आणू लागले आहेत. मोबाईल मात्र तापतो, अडकतो, अर्ध्या तासाचा व्हिडिओ त्याला झेपत नाही. भगिनीने भिशीचे ५० हजार रुपये मुलीच्या संगणकासाठी ठेवले आहेत. व्याजाच्या हप्त्यावर काही घ्यायचे नाही, हे त्यांनी पहिल्याच ओळीत लिहिले आहे. सोबत दुकानदाराने दिलेल्या कोटेशनची प्रत जोडली आहे आणि शेवटी विचारले आहे, "हे बरोबर आहे का? पैसे एकदाच आहेत."

पैसे एकदाच आहेत, हे वाक्य आम्हाला महत्त्वाचे वाटले. म्हणून या वेळी सगळे सदर याच एका प्रश्नाला देत आहोत. आवाज आणि चित्र यांच्या संपादनासाठी कमी खर्चात संगणक जुळवायचा, तर पैसा कुठे घालावा आणि कुठे हात आखडता घ्यावा?

आधी कोटेशन पाहू. तीन बाजूंनी काचेचा डबा, आत रंग बदलणारे दिवे, सहा पंखे. जुन्या पिढीचे २ जीबीचे ग्राफिक्स कार्ड. रॅम ८ जीबी. एसएसडी २५६ जीबी. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' हे अक्षर. माईक नाही, हेडफोन नाही, यूपीएस नाही. हा खेळ खेळण्याच्या संगणकाचा स्वस्त नमुना आहे. दुकानदाराने फसवले असे आम्ही म्हणणार नाही. बहुतेक मुले येऊन हेच मागतात, म्हणून त्याने हेच लिहून दिले. पण या मुलीचे काम वेगळे आहे. कामाच्या दृष्टीने पाहिले तर या कागदावर पैसा नेमका नको तिथे गेला आहे.

कच्चा माल कोणता?

शिवणयंत्र घेताना आपण विचारतो, साडीचा फॉल लावायचा आहे की जीन्स शिवायची आहे? संगणकाचेही तसेच आहे. या मुलीकडे येणारा कच्चा माल म्हणजे मोबाईलवर चित्रित केलेला व्हिडिओ. तो संगणकाला जड का जातो, हे एकदा समजले की पुढची निवड सोपी होते.

फुल एचडी व्हिडिओचे एक चित्र म्हणजे १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७० हजार ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट धरले आणि सेकंदाला ३० चित्रे धरली, तर एका मिनिटाला ११ जीबीहून जास्त जागा लागेल. प्रत्यक्षात आयफोनवर नव्या पद्धतीने साठवलेला असा एक मिनिटाचा व्हिडिओ साधारण ६० एमबीत बसतो. इतर चांगल्या मोबाईलवर आकडा थोडा इकडे तिकडे होईल. ११ जीबीचे ६० एमबी झाले कसे?

शाळेतले उदाहरण घेऊ. वर्गात ६० मुले आहेत. रोज साठही नावे लिहून काढण्याऐवजी पहिल्या दिवशी पूर्ण यादी लिहिली आणि नंतर रोज फक्त बदल लिहिले, 'आज अमुक आला नाही, तमुक नवीन आला', तर वही खूप कमी भरेल. पण विसाव्या दिवशी वर्गात कोण कोण होते, हे विचारले तर? पहिली यादी काढून एकोणीस दिवसांचे बदल क्रमाने लावत यावे लागेल. मोबाईलचा व्हिडिओ अगदी असाच साठवलेला असतो. एक चित्र पूर्ण, पुढची अनेक चित्रे म्हणजे फक्त बदल. एच.२६४ आणि एच.२६५ ही या पद्धतींची नावे आहेत. एच.२६५ जागा आणखी वाचवते, पण उलगडायला जास्त मेहनत घेते.

सरळ पाहताना अडचण येत नाही. संपादन करणारा मात्र सरळ पाहत नाही. तो मागे जातो, पुढे उडी मारतो, मधूनच कापतो. प्रत्येक उडीला संगणकाला मागची पूर्ण यादी शोधून हिशोब नव्याने मांडावा लागतो. चित्र अडखळते ते इथे. म्हणून या कामाच्या संगणकाची खरी परीक्षा एकच आहे. हा गुंडाळलेला व्हिडिओ तो किती झटपट उलगडतो?

प्रोसेसर : 'एफ' अक्षराकडे लक्ष द्या

इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये चित्र दाखवणारा एक भाग आतच बसवलेला असतो. त्याच भागात व्हिडिओ उलगडण्याची आणि गुंडाळण्याची खास सोय असते. तिचे नाव क्विक सिंक. खेळांसाठी तिचा उपयोग नाही, आपल्या कामाला मात्र ती फार मोलाची आहे. नावाच्या शेवटी 'एफ' असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये हा भाग नसतो. थोडे पैसे वाचतात, पण वेगळे कार्ड घेतल्याशिवाय पडद्यावर चित्रच येत नाही, आणि क्विक सिंकही हातची जाते. त्यामुळे या कामासाठी 'एफ' नसलेला प्रोसेसर घ्यावा.

या खर्चात आम्ही कोअर आय-५ १२४०० हा प्रोसेसर सुचवू. यात ६ कोअर आहेत आणि तो एका वेळी १२ कामे हाताळतो. पैसे आणखी कमी असतील तर कोअर आय-३ १२१००, ज्यात ४ कोअर आहेत. दोघांतही क्विक सिंक आहे. हे २०२२ सालचे प्रोसेसर आहेत. नवे निघाले, पण मोबाईलवरच्या फुल एचडी व्हिडिओला हे व्यवस्थित पुरतात.

एएमडीच्या रायझनमध्ये अक्षरांचा हिशोब उलटा आहे. रायझन ५ ५६०० यात चित्राचा भाग नाही, रायझन ५ ५६००जी यात आहे. म्हणजे तिथे 'जी' हवा. नव्या ७००० मालिकेत बहुतेकांत छोटा चित्रभाग असतो, पण त्यांना डीडीआर-५ प्रकारचीच रॅम लागते.

प्रोसेसर कंपनीच्या खोक्यातला, सीलबंद घ्यावा. काही ठिकाणी सुटा प्रोसेसर थोडा स्वस्त देतात. त्यासोबत पंखा येत नाही आणि वॉरंटीचा प्रश्न उरतोच. वर सांगितलेल्या प्रोसेसरना खोक्यात येणारा पंखा पुरेसा आहे.

रॅम आणि एसएसडी : इथे कंजूषी नको

८ जीबी रॅम घरगुती कामाला चालते. संपादनाला नाही. विंडोज आणि इंटरनेट मिळून त्यातली निम्मी जागा घेतात, उरलेल्यात व्हिडिओ मावत नाही. किमान १६ जीबी धरा.

ही १६ जीबी कशी घ्यावी? ८ च्या दोन पट्ट्या लावल्या तर प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलतो आणि वेग वाढतो. वेगळे कार्ड नसते तेव्हा चित्राचा भागही याच रॅममधून जागा घेतो, म्हणून हा वेग जाणवतो. दुसरीकडे, स्वस्त मदरबोर्डवर रॅमच्या दोनच खाचा असतात. दोन्ही भरल्या तर पुढे वाढवताना जुनी पट्टी काढावी लागते. आमचे मत असे : मदरबोर्डवर चार खाचा असतील तर ८ च्या दोन पट्ट्या घ्या. दोनच खाचा असतील आणि वर्षभरात रॅम वाढवण्याचा विचार असेल तर १६ ची एक पट्टी घ्या, तिची जोडीदार कमाईतून आणा. मदरबोर्ड डीडीआर-४ चा आहे की डीडीआर-५ चा, हे मात्र आधी ठरवा. एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. वर सुचवलेल्या इंटेल प्रोसेसरला दोन्ही चालतात, म्हणून जो जोड त्या दिवशी स्वस्त पडेल तो घ्यावा.

आता साठवण. जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क सेकंदाला दीड-दोनशे एमबी वाचते. साधी साटा एसएसडी ५५० एमबीपर्यंत जाते. मदरबोर्डवर थेट बसणारी एनव्हीएमई एसएसडी हजारोंत वाचते. आपल्याला पहिली गरज ५०० जीबीच्या एनव्हीएमईची आहे. विंडोज, सॉफ्टवेअर आणि हातातले काम यावर राहील.

जागा किती लागेल याचा हिशोब कागदावर मांडून पाहा. मिनिटाला ६० एमबी म्हणजे तासाला ३.६ जीबी. एका निकाहाचे दोन मोबाईलवरचे मिळून सहा तास चित्रण असेल तर साधारण २२ जीबी. तेच फोर-के मध्ये घेतले तर मिनिटाला १७० एमबी, म्हणजे सहा तासांचे ६१ जीबी. फोर-के चित्रात ठिपके चौपट असतात, म्हणून उलगडण्याचे कामही तेवढेच वाढते. लोक शेवटी मोबाईलवरच पाहणार असतील तर फुल एचडीत चित्रण करा. यात कमीपणा काही नाही.

एक गोष्ट मात्र सक्तीची समजा. दुसऱ्याच्या घरचा निकाह पुन्हा चित्रित करता येत नाही. संगणक बिघडला तर नवा येईल, पण आजीने नवरीच्या डोक्यावर हात ठेवलेला तो क्षण परत आणता येणार नाही. म्हणून चित्रण दोन वेगळ्या ठिकाणी उतरल्याशिवाय मोबाईल किंवा मेमरी कार्ड रिकामे करायचे नाही. एक प्रत एसएसडीवर, दुसरी बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर. ही हार्ड डिस्क पहिल्या दोन कामांच्या पैशांतून घ्या. तोपर्यंत घरातल्या मोठ्या पेन ड्राइव्हवर प्रत ठेवा.

ग्राफिक्स कार्ड : आज नको, जागा मात्र ठेवा

कार्डाशिवाय संपादन होत नाही, असे सांगणारे खूप भेटतील. उत्तर सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे. केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही दोन मोफत सॉफ्टवेअर मुख्यतः प्रोसेसरवर चालतात. लग्नाचा व्हिडिओ, शिकवणीचा धडा, भाषण, मुशायरा या कामांना ती पुरतात. दाविंची रिझॉल्व्ह हे नामांकित सॉफ्टवेअर आहे. त्याची मोफत आवृत्तीही फोर-के पर्यंतचा व्हिडिओ कोणताही शिक्का न उमटवता तयार करून देते. पण ते कार्डावर फार भर देते. वेगळे कार्ड नसेल तर ते कुरकुरत चालते.

म्हणून आज केडेनलाइव्ह किंवा शॉटकटवर हात बसवावा. रंगांचे बारीक काम मागणारे गिऱ्हाईक येऊ लागले की ६ किंवा ८ जीबीचे चांगले कार्ड घ्यावे आणि रिझॉल्व्हकडे वळावे. जुने २ जीबीचे कार्ड घेणे म्हणजे आज पैसे घालवणे आणि उद्या ते काढून पुन्हा पैसे घालवणे.

तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सी नावाची सोय आहे. संगणक मूळ व्हिडिओची एक हलकी, लहान प्रत तयार करतो. कापाकापी त्या हलक्या प्रतीवर करायची आणि शेवटचा व्हिडिओ बनताना मूळ चित्र आपोआप वापरले जाते. थोडी जागा जास्त लागते, पण मध्यम संगणकावरही काम सुरळीत चालते. ही एक युक्ती कार्डाचा खर्च वर्षभर पुढे ढकलू शकते.

मोबाईलच्या व्हिडिओची आणखी एक खोड आहे. उजेड कमी-जास्त झाला की मोबाईल सेकंदाला घेतलेल्या चित्रांची संख्याही कमी-जास्त करतो. मग लांब भाषणात ओठ आणि आवाज हळूहळू एकमेकांपासून सुटतात, आणि मुले संगणकाला दोष देतात. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ एकसारख्या गतीचा करून घेतला की ही तक्रार मिटते.

चोरीची सॉफ्टवेअर मात्र घेऊ नका. दुकानदार 'सगळे टाकून देतो' म्हणाला तरी नको म्हणा. अशा सॉफ्टवेअरमधून व्हायरस येतो आणि लोकांची चित्रणे जातात. विंडोजचा परवाना कोटेशनमध्ये आहे का, हेही विचारा. बहुधा तो नसतो. परवाना परवडत नसेल तर लिनक्स मोफत आहे आणि केडेनलाइव्ह, शॉटकट त्यावर उत्तम चालतात.

मदरबोर्ड, वीज आणि डबा

मदरबोर्ड घेताना चार गोष्टी विचारा. रॅमच्या खाचा किती, एनव्हीएमईच्या जागा किती, पुढे कार्ड लावायची मोठी खाच आहे ना, आणि निवडलेला प्रोसेसर त्यावर बसतो ना.

वीज देणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, यात पैसे वाचवू नका. काचेच्या डब्यासोबत 'फुकट' येणारा नको. ८० प्लस हे प्रमाणपत्र असलेला ५५० वॅटचा, नावाजलेल्या कंपनीचा घ्या. आज इतकी वीज लागणार नाही, पण उद्या कार्ड येईल तेव्हा हाच पुरेल. हलका पॉवर सप्लाय जळताना सोबत मदरबोर्डही घेऊन जाऊ शकतो.

डबा साधा पत्र्याचा, समोरून जाळीचा, दोन पंखे असलेला पुरे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात काचेआड कोंडलेला संगणक तापतो, पंखे घोंगावतात आणि तो घोंगाट माईकमध्ये उतरतो. दिव्यांनी व्हिडिओ लवकर तयार होत नाही.

यूपीएस हवाच. व्हिडिओ तयार होत असताना वीज गेली की तासाभराचे काम पाण्यात जाते. कार्ड नसलेल्या या संगणकाला ६०० व्हीएचा यूपीएस काम जतन करून बंद करण्यापुरती काही मिनिटे देतो. सोबत वायरमनला बोलावून घराचे अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंग नीट नसेल तर ध्वनिमुद्रणात 'हूंऽऽ' अशी बारीक घरघर येत राहते, आणि ती नंतर काढणे फार कटकटीचे असते.

आवाजाचा हिस्सा आधी बाजूला काढा

भगिनीच्या पत्रात 'व्हिडिओ' हा शब्द अनेकदा आला आहे, 'आवाज' एकदाही नाही. कोटेशनमध्येही नाही. आमच्या मते हीच सगळ्यात मोठी उणीव आहे. चित्र थोडे अंधुक असले तरी लोक पाहतात. शब्द कळला नाही की मात्र बंद करतात. शिकवणीच्या धड्याचे तर सगळे मोल आवाजातच आहे.

संगणकाच्या दृष्टीने आवाज फार हलका असतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एका माईकचा आवाज म्हणजे मिनिटाला साडेआठ-नऊ एमबी, तासाला सुमारे ५२० एमबी. वर सुचवलेला कोणताही प्रोसेसर हे लीलया पेलतो. म्हणून आवाजासाठी संगणकावर जादा खर्च करायचा नाही. खर्च करायचा तो माईक आणि हेडफोनवर.

घरात भांडी वाजतात, कुकर शिट्टी देतो, लहान मुले खेळतात. अशा घरी डायनॅमिक प्रकारचा माईक घ्यावा. तो तोंडाजवळ धरून बोलावे लागते, पण आजूबाजूचा गलका कमी पकडतो. कंडेन्सर माईक नाजूक आवाजही टिपतो, आणि त्याच कारणाने गल्लीतली रिक्षाही टिपतो. सुरुवातीला थेट यूएसबीने जोडता येणारा माईक पुरे. त्याला वेगळे यंत्र लागत नाही. हेडफोन कान पूर्ण झाकणारे, तारेचे घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा पोहोचतो आणि जुळवणी चुकते.

खोलीची तयारी फुकटात होते. भिंतीला टेकवलेल्या गाद्या, दोरीवर टाकलेल्या गोधड्या, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट यांनी आवाजाचा घुमारा कमी होतो. ध्वनिमुद्रण करताना आवाजाचा काटा लाल रेषेला टेकता कामा नये. सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्यावा. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरेसे आहे. माईक आणि मोबाईल वेगवेगळे चालू असतील तर सुरुवातीला एक टाळी वाजवावी. दोन्हीकडे ती टाळी दिसते आणि जुळवणी क्षणात होते.

पडद्यावरची उर्दू आणि मराठी अक्षरे

आमच्या दोन्ही भाषा शिकवण्याच्या कामामुळे हा मुद्दा आम्हाला टाळता येत नाही. निकाहाच्या व्हिडिओवर उर्दू नावे हवी असतात, धड्यावर मराठी. काही सॉफ्टवेअरमध्ये उर्दू अक्षरे सुटी पडतात, मराठी जोडाक्षरे मोडतात. यासाठी महाग संगणक लागत नाही. इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड अक्षरांत मजकूर लिहा. उर्दूसाठी नोटो नस्तालिक हा मोफत फॉन्ट आहे. पार्श्वभूमी पारदर्शक ठेवून त्याचे पीएनजी चित्र करा आणि ते व्हिडिओवर ठेवा. अक्षर मोडण्याचा प्रश्नच येत नाही. शुद्ध आणि सुबक अक्षर दिसले की गिऱ्हाईकही पुन्हा येते.

दहा हिश्श्यांची वाटणी

किमती सतत हलतात, विशेषतः रॅम आणि एसएसडीच्या. म्हणून वस्तूवार भाव देण्याऐवजी आम्ही ५० हजारांचे दहा हिस्से करतो. एक हिस्सा ५ हजारांचा.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून ४ हिस्से.
रॅम आणि एसएसडी मिळून २ हिस्से.
पॉवर सप्लाय, डबा, कीबोर्ड आणि माऊस मिळून १ हिस्सा.
मॉनिटर दीड हिस्सा.
माईक आणि हेडफोन मिळून १ हिस्सा.
यूपीएस अर्धा हिस्सा.

मॉनिटर २२ ते २४ इंची, फुल एचडी, आयपीएस प्रकारचा असावा. आयपीएसमध्ये बाजूने पाहिले तरी रंग बदलत नाही. नवरीच्या लाल जोड्याचा रंग ठरवायचा असेल तर हे लागते. रॅमचा भाव चढला असेल तर आय-५ ऐवजी आय-३ घ्या, पण रॅम १६ च्या खाली आणू नका. घरात एचडीएमआयची सोय असलेला टीव्ही असेल तर मॉनिटर दोन महिने पुढे ढकलता येतो.

हातात २५ हजारच असतील तर? कार्यालयांतून निघालेले, तपासून विकले जाणारे संगणक बाजारात मिळतात. त्यांत आठव्या पिढीचा आय-५ किंवा त्यापुढचा पाहा. आठव्या पिढीत ६ कोअर आहेत आणि विंडोज ११ अधिकृतपणे तिथपासूनच चालते. विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, म्हणून सहाव्या-सातव्या पिढीचा स्वस्त तुकडा मोहात पाडत असला तरी नको. उभ्या, मोठ्या डब्याचा घ्या. अगदी चपट्या डब्यात पुढे नेहमीचे कार्ड बसत नाही. त्यात १६ जीबी रॅम आणि नवी एसएसडी टाकली की सुरुवात करता येते.

दुकानात जाताना

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, किंवा आपल्या जिल्ह्याच्या गावचे दुकान, कुठेही जा, पण दोन-तीन ठिकाणांहून कोटेशन घ्या. त्यात नुसते '१६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी' असे नको. प्रत्येक भागाची कंपनी आणि मॉडेल लिहून मागा. बिल जीएसटीचे, त्यावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक. जुळवलेल्या संगणकात प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते, म्हणून खोकी फेकू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, मुलीला सोबत न्या आणि बोलू तिला द्या. अनेकदा आम्ही पाहतो, संगणक वापरणार मुलगी, पण दुकानात बोलतात भाऊ आणि अब्बा, आणि ती मागे उभी राहते. रोज दहा तास त्या पडद्यासमोर तीच बसणार आहे, तेव्हा प्रश्नही तिनेच विचारावेत. तिने आपल्या मोबाईलवरचा खरा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर न्यावा. संगणक जुळून चालू झाला की केडेनलाइव्ह टाकून तो उघडावा, मागे-पुढे उड्या माराव्यात, दोन तुकडे जोडावेत, एक मिनिटाचा व्हिडिओ तयार करून पाहावा. पैसे त्यानंतर द्यावेत.

भगिनीला आमचे उत्तर इतकेच की हे कोटेशन परत करा. पण ५० हजारांत काम होणार नाही असे समजू नका. कर्ज न काढता, व्याज न देता, आज पाया पक्का घालता येतो. हार्ड डिस्क, जादा रॅम आणि कार्ड हे मुलीच्या स्वतःच्या कमाईतून, एकेक करून येऊ द्या. प्रत्येक कामाच्या पैशांतला ठरावीक भाग तिने संगणकासाठी बाजूला ठेवावा आणि त्याचा हिशोब वहीत लिहावा. वर्षभराने ती वहीच सांगेल, पुढचा खर्च कशावर करायचा.

पुढील अंकात घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात कशा जपून ठेवाव्यात, याबद्दल लिहिणार आहोत. त्याविषयी आपले प्रश्न असतील तर या महिन्याच्या अखेरीपर्यंत पाठवा.